जोसेफ चेंबरलेन यांनी शहर ‘धंद्यासारखे’ चालवले, म्हणजे नेमके काय केले?

आपला प्रश्न मला समजला तो असा. गावच्या वसंत व्याख्यानमालेत आपल्याला व्हिक्टोरियन इंग्लंडमधील एका व्यापाऱ्याच्या महापौरपदापर्यंतच्या प्रवासावर तासभर बोलायचे आहे आणि त्यासाठी आपण बर्मिंगहॅमचे जोसेफ चेंबरलेन निवडले आहेत. वाचन करताना आपल्याला दोन परस्परविरोधी चित्रे दिसली. एका चित्रात धंद्यात मुरलेला माणूस शहर धंद्यासारखे चालवतो आणि तीन वर्षांत त्याचा कायापालट करतो. दुसऱ्या चित्रात एक गब्बर कारखानदार पैशाच्या जोरावर पद मिळवतो आणि गरिबांची घरे पाडून श्रीमंतांसाठी रुंद रस्ता काढतो. यांपैकी श्रोत्यांना कोणते सांगावे, असे आपण विचारले आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. एका महानगरपालिकेच्या लेखा विभागात माझी एकतीस वर्षे गेली आणि त्यांतली शेवटची सात मुख्य लेखा अधिकारी म्हणून गेली. पाणीपुरवठा योजनेच्या कर्जाचे प्रस्ताव तयार करताना बर्मिंगहॅमचा उल्लेख प्रथम कानावर आला आणि निवृत्तीनंतर त्या शहराचा मी सवडीने अभ्यास केला. त्यामुळे मी चेंबरलेन यांच्याकडे अंदाजपत्रक वाचणाऱ्याच्या नजरेने पाहतो: पैसा कोठून आला, किती दराने आला, कोणी फेडला आणि मालमत्ता शेवटी कोणाच्या नावावर राहिली. या नजरेला भाषणे, मिरवणुका आणि डोळ्यावरचा एकभिंगी चष्मा फारसे दिसत नाहीत, हा तिचा दोष आपण लक्षात ठेवावा.

माझ्या मते आपली खरी अडचण ‘धंद्यासारखे’ या शब्दात आहे. कोपऱ्यावरचे वाणसामानाचे दुकानही धंदाच असते आणि परदेशी यंत्रांचे हक्क विकत घेऊन निम्म्याहून अधिक बाजार काबीज करणारी पेढीही धंदाच असते. पण दोन्हींत पैशाकडे पाहण्याची रीत अगदी उलटी असते. चेंबरलेन येण्यापूर्वीही बर्मिंगहॅमचा कारभार व्यापारी वृत्तीनेच चालत होता, फक्त ती वृत्ती छोट्या दुकानदाराची होती. हा फरक श्रोत्यांच्या ध्यानात आला की बाकीची कथा आपोआप उलगडते.

आता माणसाकडे वळू. चेंबरलेन यांचा जन्म ८ जुलै १८३६ रोजी लंडनच्या कँबरवेल भागात झाला. वडिलांचा बूट-जोड्यांचा सुस्थितीतला धंदा होता आणि कुटुंब युनिटेरियन पंथाचे होते. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या अशा पंथीयांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील धार्मिक अटींमुळे तिकडची वाट जवळजवळ बंदच होती. त्या अटी १८७१ साली उठल्या. मुलगा गणितात आणि फ्रेंच भाषेत हुशार होता, तरी सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या धंद्यात आला. अठराव्या वर्षी, म्हणजे १८५४ साली, त्याला बर्मिंगहॅमला पाठवण्यात आले. तेथे त्याच्या आत्याचे यजमान जॉन सटन नेटलफोल्ड यांचा स्क्रू तयार करण्याचा कारखाना होता. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर नेटलफोल्ड यांनी टोकदार स्क्रू आपोआप घडवणाऱ्या अमेरिकी यंत्राचे हक्क घेण्याचे ठरवले. तोवरचे स्क्रू बोथट टोकाचे असत आणि सुताराला आधी भोक पाडून मगच ते बसवावे लागत. यंत्रांसाठी लागणाऱ्या भांडवलात चेंबरलेन यांच्या वडिलांनी मोठी रक्कम घातली आणि आपल्या पैशावर लक्ष ठेवण्यासाठी मुलाला धाडले.

आपण त्यांना ‘व्यापारी’ म्हणावे की ‘कारखानदार’, अशी शंका कोणी श्रोता काढेल, तर उत्तर तयार ठेवा. पेढी कारखानदारीची होती, पण त्यांचा वाटा व्यापाराचा होता. यंत्रे आणि उत्पादन ही बाजू त्यांचे आतेभाऊ जोसेफ नेटलफोल्ड पाहत. हिशेब, खरेदी-विक्री, दर ठरवणे आणि बाजारपेठा शोधणे ही बाजू चेंबरलेन पाहत. शाळेत शिकलेले फ्रेंच त्यांना परदेशी गिऱ्हाइकांशी बोलताना कामी आले. पेढीच्या भरभराटीच्या काळात इंग्लंडमध्ये तयार होणाऱ्या धातूच्या एकूण स्क्रूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ‘नेटलफोल्ड अँड चेंबरलेन’च्या कारखान्यांतून बाहेर पडत. लहान उत्पादकांना या पेढीने चेपून काढले, असा आरोप पुढे त्यांच्या विरोधकांनी केला. त्यांचे समर्थक म्हणत की ती दुकाने रीतसर किंमत देऊन विकत घेतली गेली. मला यात विरोध दिसत नाही. दर पाडून स्पर्धकाला विकायला भाग पाडणे आणि मग रोख किंमत देणे, हे दोन्ही एकाच व्यवहाराचे भाग असू शकतात. आपण मात्र एक गोष्ट मनात नोंदवून ठेवा: विखुरलेले लहान घटक एकत्र करून एका हाती चालवले की खर्च कमी होतो आणि बाजार ताब्यात येतो, हा धडा ते येथे शिकले. गॅसच्या प्रकरणात तो पुन्हा दिसेल.

१८७४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते धंद्यातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्याकडे सुमारे १,२०,००० पौंडांची मत्ता होती. ‘पैशाच्या जोरावर पद मिळवले’ या आरोपाचा विचार येथेच करावा. तेथील महापौराची निवड थेट जनता करीत नसे. नगर परिषदेचे सदस्य दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्यातून एकाला निवडत. पदाला पगार नव्हता. चेंबरलेन १८६९ साली सेंट पॉल्स प्रभागातून परिषदेत निवडून आले, १८७० साली शिक्षण मंडळावर गेले आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये महापौर झाले. १८७४ व १८७५ साली त्यांची फेरनिवड झाली. त्यामागे प्रभागवार बांधलेली उदारमतवादी पक्षाची संघटना होती. संपत्तीने त्यांना मते विकत मिळवून दिली, असे म्हणण्यास मला आधार दिसत नाही. संपत्तीने त्यांना वेळ दिला. बिनपगारी पदावर दिवसाचे दहा तास खर्च करणे ज्याला परवडते, तो आणि संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून सभेला येणारा, यांची बरोबरी होऊ शकत नाही. हा लोकशाहीतला दोष म्हणावा, तर तो दोष खराच आहे.

येथे आपल्या श्रोत्यांचा एक गैरसमज आधीच दूर करावा लागेल. आपल्याकडे महापौर म्हटले की सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान, मानाची खुर्ची आणि पाहुण्यांचे स्वागत डोळ्यांसमोर येते, कारण आपल्या कायद्यांत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. मुंबईचा १८८८ चा कायदा असो वा राज्यातील इतर महानगरपालिकांचा १९४९ चा, दोन्हींची घडण तशीच आहे. इंग्लंडमधील नगरांत शासनाने नेमलेला आयुक्त नव्हता. परिषद आपल्या समित्यांमार्फत स्वतः कारभार करी, त्यामुळे समितीचा अध्यक्ष हाच त्या खात्याचा खरा चालक असे. चेंबरलेन महापौर तर होतेच, शिवाय गॅस समितीचे अध्यक्षपदही त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. त्यांचे सामर्थ्य खुर्चीत होते त्याहून अधिक समितीत होते. आणखी एक बारीक गोष्ट अशी की, त्या काळी बर्मिंगहॅम कायद्याने ‘सिटी’ नव्हतेच. तो दर्जा १८८९ साली मिळाला आणि ‘लॉर्ड मेयर’ ही पदवी १८९६ साली आली. १८७१ च्या जनगणनेत सुमारे ३,४४,००० लोकसंख्या असलेले ते एक ‘टाउन’ होते. मराठीत आपण खुशाल महापौर म्हणावे, पण कोणी हटकले तर माहीत असावे.

आता त्यांच्या आधीच्या परिषदेबद्दल. बर्मिंगहॅमला १८३८ साली निवडून आलेली परिषद मिळाली, चौसष्ट सदस्यांची. त्यापुढची तीसेक वर्षे तिच्यावर बव्हंशी छोट्या दुकानदारांचा आणि घरमालकांचा पगडा होता. त्यांच्यातल्या काटकसरवाद्यांची बैठक ‘वुडमन’ नावाच्या मद्यगृहात भरे, आणि नगराचे निर्णय सभागृहाआधी तेथेच होत, असे सांगितले जाते. त्यांना लबाड समजण्याचे कारण नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही त्यांची नीती होती आणि ज्याच्या दुकानात महिनाअखेरीस चार पौंड उरतात, त्याला कर वाढवणे म्हणजे स्वतःच्या खिशात हात घालण्यासारखे वाटणे स्वाभाविकच होते. परिणाम असा झाला की पाण्याची कंपनी विकत घेण्याचा अधिकार १८५१ च्या कायद्याने मिळालेला असूनही तो वीस वर्षे वापरला गेला नाही. नगरातली जवळजवळ निम्मी वस्ती विहिरींच्या पाण्यावर राहत होती, त्यांतल्या पुष्कळ विहिरींत मैला झिरपत होता आणि नळाचे पाणी आठवड्यातून तीनच दिवस येत होते.

अशा सभासदांशी माझाही परिचय आहे. आमच्याकडे एक वयस्क, अतिशय प्रामाणिक सदस्य प्रत्येक कर्जप्रस्तावावर एकच वाक्य बोलत: ‘ऋण काढून सण करू नका.’ मी त्यांना दरवेळी सांगे की, साहेब, जलवाहिनी म्हणजे सण नव्हे, ती चाळीस वर्षे चालणार आहे, तेव्हा तिचा खर्च यंदाच्याच करदात्यांकडून का वसूल करायचा? त्यांना ते कधीही पटले नाही. दर वर्षी आम्ही गळती दुरुस्तीवर खर्च करीत राहिलो आणि दात कोरून पोट भरण्याचा प्रयत्न करीत राहिलो. चेंबरलेन यांनी नेमकी हीच भिंत फोडली. ती फोडायला त्यांना कारखान्यातला अनुभव उपयोगी पडला, कारण त्यांच्या कुटुंबाची सगळी संपत्तीच मुळी आधी मोठी रक्कम घालून यंत्रे आणण्यातून उभी राहिली होती.

गॅसचा व्यवहार मी आपल्याला जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळी कथा त्यात आहे आणि चरित्रकार ती दोन ओळींत उरकतात. नगरात दिव्यांसाठी गॅस पुरवणाऱ्या दोन खासगी कंपन्या होत्या. त्याच रस्त्यांत दोघींच्या नळ्या आणि दोघींची खोदाई होती. (रस्ता एकाने बुजवला की दुसऱ्याने उकरायचा, हे दृश्य आपल्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागणार नाही.) जानेवारी १८७४ मध्ये, महापौर होऊन दोन-अडीच महिने झाले असताना, चेंबरलेन यांनी या दोन्ही कंपन्या नगराने विकत घ्याव्यात, असा प्रस्ताव परिषदेपुढे ठेवला. किंमत जवळजवळ वीस लाख पौंड होती. त्या काळच्या नगर परिषदेच्या कारभारात हा आकडा छाती दडपवणारा होता. तरीही परिषदेने तो प्रचंड बहुमताने मान्य केला आणि पुढच्या वर्षी संसदेचा कायदाही झाला.

कसे पटवले त्यांनी? तत्त्वाचा मुद्दा असा की, जेथे मक्तेदारी अटळ आहे, तेथे ती लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती असावी. पण माझ्यासारख्याला त्यांचा दुसरा मुद्दा अधिक बोलका वाटतो. कायद्याने गॅस कंपन्यांना भागधारकांना दहा टक्क्यांपर्यंत लाभांश देण्याची मुभा होती, तर करवसुलीचा अधिकार पाठीशी असलेली नगर परिषद चार टक्क्यांच्या आसपास कर्ज उभारू शकत होती. गॅस तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त भांडवल स्वस्त. त्यात दोन कंपन्यांचा दुहेरी खर्च वाचणार. हा फरक म्हणजेच नगराचा नफा. परिषदेला धीर यावा म्हणून त्यांनी असेही सांगितले की, आपल्याला भीती वाटत असेल, तर हा उद्योग मक्त्याने मलाच चालवायला द्या, मी नगराला दरवर्षी ठरावीक रक्कम देऊनही श्रीमंत होईन. सभेत असे बोलायला व्यापाऱ्याचीच जीभ लागते. पहिल्याच वर्षी या उद्योगाने ३४,००० पौंड नफा दिला आणि पुढे गॅसचे दरही उतरवता आले.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी हा हिशेब जाणीवपूर्वक बाजूला ठेवला, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. पाणी कंपनी सुमारे १३,५०,००० पौंडांना घेतली गेली आणि १८७६ च्या आरंभी ती नगराच्या ताब्यात आली. किंमत एकरकमी न देता भागधारकांना कायमची वार्षिकी, म्हणजे दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम, बांधून देण्यात आली, त्यामुळे तिजोरीवर एकदम भार आला नाही. गॅसमधून नफा मिळवायचा, पण पाण्यातून मिळवायचा नाही. पाण्याचा नफा नगराला लोकांच्या आरोग्याच्या रूपाने मिळेल, अशी त्यांची भूमिका होती. ‘शहर धंद्यासारखे चालवले’ हे वाक्य येथे लंगडे पडते. जो माणूस प्रत्येक गोष्टीतून नफा काढतो, तो व्यापारी असेल. कोणत्या गोष्टीतून नफा काढायचा नाही हे ज्याला कळते, त्याच्या हाती नगराचा कारभार द्यावा, असे मला नोकरीच्या अखेरीस वाटू लागले होते. आमच्याकडे पाणीपुरवठा विभाग ‘तोट्यात’ असल्याची ओरड दरवर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत होई. गॅस्ट्रोच्या साथीत दवाखान्यांवर झालेला खर्च दुसऱ्याच लेखाशीर्षाखाली पडत असल्यामुळे ती ओरड करणाऱ्यांना तो कधी दिसत नसे.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: पद पैशाने विकत घेतलेले नव्हते, पण पैशामुळे मिळालेल्या सवडीने ते शक्य झाले, धंद्यातून त्यांनी उचलली ती दीर्घ मुदतीची गुंतवणूक आणि एकत्रीकरणाची रीत, आणि ती रीत त्यांनी सरसकट लावली नाही.

आपण विचाराल की, ही दृष्टी केवळ धंद्यातून आली का? तसे म्हणणे अपुरे ठरेल. बर्मिंगहॅममध्ये जॉर्ज डॉसन नावाचे एक धर्मोपदेशक चेंबरलेन येण्याच्याही आधीपासून सांगत होते की, नगर म्हणजे नुसती घरांची दाटी नसून तो एक जिवंत देह आहे आणि त्याची सेवा हे धर्मकार्यच आहे. कार्स लेन चर्चचे आर. डब्ल्यू. डेल यांनी तोच विचार पुढे नेला. या शिकवणीमुळे मोठ्या पेढ्यांचे मालक, जे आजवर परिषदेला कमी लेखून दूर राहत होते, ते निवडणुकीला उभे राहू लागले. चेंबरलेन, त्यांची सासुरवाड केन्रिक आणि नेटलफोल्ड ही कुटुंबे एकमेकांत नात्याने गुंतलेली, बहुतेक युनिटेरियन. म्हणजे एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगताना आपण प्रत्यक्षात एका गोतावळ्याची गोष्ट सांगत असता. शिवाय नगराने गॅस किंवा पाणी चालवणे ही बर्मिंगहॅमची नवी कल्पना नव्हती. मँचेस्टरमध्ये गॅस फार आधीपासून सार्वजनिक होता आणि ग्लासगोने कॅट्रिन सरोवराचे पाणी १८५९ सालीच नगरात आणले होते. चेंबरलेन यांचे वेगळेपण गती आणि आवाका यांत आहे: जे इतरांनी वीस-तीस वर्षांत तुकड्यातुकड्याने केले, ते त्यांनी तीन वर्षांत एकत्र केले.

या तीन वर्षांत त्यांच्या घरात काय चालले होते, तेही श्रोत्यांना सांगावे, पण भावुक न होता. पहिली पत्नी हॅरिएट १८६३ साली ऑस्टिन या मुलाच्या जन्मानंतर लगेच गेली. दुसरी पत्नी फ्लोरेन्स फेब्रुवारी १८७५ मध्ये बाळंतपणातच गेली. तेव्हा नगराच्या योजना ऐन भरात होत्या. सर्व काम सोडून देण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता, सहकाऱ्यांनी त्यांना थांबवले. त्यानंतर ते आणखी कठोरपणे कामाला जुंपले गेले. स्वभावातला कोरडेपणा पुढे त्यांच्या राष्ट्रीय राजकारणात पुष्कळांना बोचला. त्याचे मूळ येथे शोधावे की नाही, हे मी आपल्यावर सोडतो.

आता त्या रस्त्याकडे येऊ, कारण आपल्या दुसऱ्या चित्राचे मूळ तेथे आहे. १८७५ साली संसदेने कामगारांच्या वस्त्या सुधारण्याचा कायदा केला आणि नगरांना अनारोग्यकारक वस्ती सक्तीने संपादित करण्याचा अधिकार दिला. चेंबरलेन यांनी तत्काळ नगराच्या मध्यभागी सुमारे पन्नास एकर मालमत्ता घेऊन तिच्यातून एक रुंद रस्ता काढण्याची योजना मांडली. हाच पुढचा कॉर्पोरेशन स्ट्रीट. घरमालकांनी विरोध केला, सरकारी चौकशी झाली, तरी मंजुरी मिळाली. चेंबरलेन यांनी स्वतःच्या खिशातून १०,००० पौंड घातले. जमीन विकायची नाही, असे ठरले. ती पंचाहत्तर वर्षांच्या भाडेपट्ट्याने दुकानदारांना आणि व्यावसायिकांना द्यायची, इमारती त्यांनी बांधायच्या आणि मुदत संपली की जमीन इमारतींसह नगराकडे परत यायची. आज त्रास काढा, नातवंडे मालक होतील, असा तो हिशेब होता.

लेखा अधिकारी म्हणून मला या हिशेबाबद्दल आदरही आहे आणि शंकाही आहे. आदर यासाठी की, मोक्याची जमीन एकदाच विकून त्या वर्षीची तूट भरून काढण्याचा मोह कोणत्याही नगराला होतो आणि तो त्यांनी टाळला. शंका यासाठी की, लांब मुदतीचा भाडेपट्टा कागदावर जितका गोड दिसतो तितका व्यवहारात नसतो. ज्या महानगरपालिकेत मी काम केले, तेथे जुन्या काळी दिलेल्या गाळ्यांचे भाडे दशकानुदशके तेच राहिले, मुदत संपली तरी कोणी गाळा सोडीना आणि वसुलीची प्रकरणे न्यायालयात पडून राहिली. बर्मिंगहॅममध्ये सरकारी यंत्रणा आणि कायदा यांची पकड वेगळी होती, हे मान्य. पण तेथेही लगेच मंदी आली, भूखंड अपेक्षेइतक्या वेगाने उठले नाहीत आणि पहिली बरीच वर्षे या योजनेचा भार करदात्यांवरच राहिला. एकूण खर्चापैकी सुमारे ३,००,००० पौंड नगराच्या अंगावर पडले. गॅसचा नफा एका वर्षात दिसला, रस्त्याचा नफा पाहायला चेंबरलेन जगणार नव्हते. एकाच माणसाच्या दोन निर्णयांत इतका फरक पडतो तो परिस्थितीमुळे, हुशारीमुळे नव्हे, म्हणून ‘व्यापारी असल्यामुळे त्यांचे सगळे व्यवहार यशस्वी झाले’ असे वाक्य आपल्या भाषणात येऊ देऊ नका.

जून १८७६ मध्ये ते संसदेत गेले आणि महापौरपद सोडले. त्या सुमारास आपले सहकारी जेसी कॉलिंग्ज यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या कामाची यादी एका दमात दिली आहे: नगराला बागा, फरसबंदी, न्यायालय, बाजार, गॅस आणि पाणी मिळाले, त्याची सुधारणा झाली, आणि हे सारे तीन वर्षांच्या कामाचे फळ. त्यापुढचे आयुष्य फार मोठे आणि फार वादग्रस्त आहे: मंत्रिपदे, १८८६ साली आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावरून स्वपक्षाशी काडीमोड, १८९५ ते १९०३ या काळात वसाहतमंत्री म्हणून बोअर युद्धाची जबाबदारी, मग आयात जकातीची मोहीम, १९०६ सालचा पक्षाघात आणि २ जुलै १९१४ रोजी मृत्यू. आपला विषय व्यापारी आणि महापौर एवढाच असल्यामुळे हे सगळे पाच मिनिटांत आटपावे. तेथे शिरलात तर बर्मिंगहॅम हातातून निसटेल.

व्याख्यानाला एखादे दृश्य हवे असेल तर मी एक सुचवतो. कायद्याने नगराला ग्रंथालय आणि कलादालनासाठी पौंडामागे एकाच पेनीचा कर लावता येत असे; तेवढ्यात भव्य दालन उभे राहणे शक्य नव्हते. तेव्हा गॅस खात्याच्या नव्या कार्यालयाच्या इमारतीवरच कलादालन बांधण्यात आले. खाली बिले भरायची, वर चित्रे पाहायची. १८८५ साली ते खुले झाले आणि उद्योगाच्या लाभातून आम्ही कलेला उत्तेजन देतो, अशा अर्थाचा लेख तेथे कोरलेला आहे. लेखापरीक्षकाला आक्षेप घेता येणार नाही अशा रीतीने एका खात्याचा पैसा दुसऱ्या कामी लावण्याचा याहून सुरेख नमुना मी पाहिलेला नाही.

शेवटी, प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येईल, कारण आपल्याकडे प्रत्येक रस्तारुंदीकरणात तो येतो: पाडलेल्या घरांतल्या माणसांचे काय झाले? त्याचे उत्तर न लपवता द्यावे. त्या भागातला मृत्युदर दर हजारी सुमारे ५३ होता, तो १८७९ ते १८८१ पर्यंत सुमारे २१ वर आला. पण हा आकडा सांगताना हेही सांगावे की, पूर्वीच्या दाट वस्तीतली बरीच माणसे तेथे राहिलीच नव्हती. नगराने त्यांच्यासाठी घरे बांधणे फार खर्चाचे होईल, असे सुधारणा समितीने ठरवले. ती कुटुंबे हळूहळू उपनगरांकडे सरकली आणि काही जवळपासच्याच जुन्या वस्त्यांत अधिक दाटीने राहू लागली. बर्मिंगहॅम नगराने स्वतःची म्हणून पहिली घरे रायडर स्ट्रीटवर बांधली ती १८९० च्या सुमारास, चेंबरलेन यांनी महापौरपद सोडल्यानंतर चौदा वर्षांनी. ती घरे होती बावीस.